दुबलगुंडीची हमी

सोमवारचा उपवास होता. चिटगुप्प्याच्या स्टँडवर माझं नामस्मरण चाललं होतं, पण मागच्या बाकावरच्या मायलेकींनी त्यात खंड पाडला.

"फोनवर हे कुलूप कामून दिसायलंय, विजे?"

"बँकेची साइट खरी हाय म्हणून, आई."

"फोनला कसं कळलं?"

"साइट सर्टिफिकेट दाखवते. त्यावर सही कुणाची, ते फोन बघतो. सही करणाऱ्याची हमी कोण देतंय, तेबी बघतो. असं करत स्वतःच्या ओळखीचं नाव लागलं, की विश्वास ठेवतो."

"आम्ही सोयरीक अशीच बघतो की."

"मग माझ्यासाठी धनराजची बघ न. त्याची हमी दुबलगुंडीची अंबिकाकाकू देते."

"मी तिला ओळखत न्हाई. म्हणून तर नको म्हणले."

"फोनबी मधल्याला ओळखत न्हाई. तो पुढं विचारतो."

"बरं, त्या अंबिकाची हमी कोण देतंय?"

"नागरत्ना अक्का."

"माझ्या माहेरची? शेजारची?"

"व्हय."

"हे आधी कामून न्हाई सांगितलंस?"

"तू धनराजच्या नावालाच उठून गेलीस."

"अक्काची हमी कधीची हाय? जुनी असंल तर चालायची न्हाई."

"तारीख तर फोनबी बघतो. आज सकाळचीच हाय. लावू का तिला?"

"लाव."

"बस निघायली, आई."

"जाऊ दे. अक्का, मी तुझ्या शेजारची राजू बोलायलेय. दुबलगुंडीची अंबिका तुझ्या ओळखीची हाय? ... व्हय? ... मग त्या धनराजला रविवारी घेऊन ये. जेवायलाच या."

माझीही तीच बस होती.