न घुमणारा पंखा

ललित: आवाज न करणारा एसएमपीएस? सर, गिऱ्हाईक येतं ते विचारतं, चारशे वॅटचा आहे का, पाचशेचा आहे का. डब्याला कान लावणारं गिऱ्हाईक नाशिकच्या एम. जी. रोडला आज पहिलंच बघतोय मी.

वेणीमाधव: कान असलेलं पहिलंच, असं म्हण. बाकीची बिनकानाची येत असतील.

मयुरेश: काका, जरा थांबा ना. हे बघा ललितभाऊ, आमच्या कॅबिनेटबरोबर हा असाच फुकट आला होता. कॉम्प्युटरला वीज देणारा डबा, त्याचं काम ते काय. पण आतला पंखा असा घुमतो, की रेकॉर्डिंगमध्ये काकांच्या आवाजाखाली सारखं घर्रर्र ऐकू येतं.

ललित: कसलं रेकॉर्डिंग? भजनाचं?

वेणीमाधव: भजनाचं! मयुरेश, उचल तुझं खोकं. दुसरं दुकान बघू.

मयुरेश: वेदपाठाचं आहे हो. काका त्र्यंबकचे. घनपाठ म्हणतात, म्हणजे मंत्रातले शब्द पुढेमागे गुंफत जायचं, आणि एक स्वरसुद्धा हलता कामा नये. आमच्या घराण्याची म्हणायची जी रीत आहे ती आता एकट्या काकांना येते. म्हणून तर मी रजा काढून पुण्याहून आलोय. पुढे विचारायला कोणी उरणार नाही, याची भीती वाटते मला.

वेणीमाधव: ऐकलंस? मी इथे धडधाकट उभा आहे आणि हा माझं श्राद्ध घालतोय. मुंज झाल्यावर शिकवायला घेतला होता याला. पळाला. इंजिनिअर झाला. आता माझा आवाज बरणीत भरून ठेवणार, कैरीच्या लोणच्यासारखा.

ललित: मग टेपरेकॉर्डर घ्या की गुरुजी. ना पंखा, ना डोक्याला ताप.

मयुरेश: त्र्यंबकच्या पावसाळ्यात टेपांना बुरशी धरते. आजोबांच्या टेपांचं तेच झालं. एक ओळ धड राहिली नाही.

ललित: बरं, मग कॉम्प्युटर मागच्या खोलीत ठेवा आणि माइकची वायर पुढे ओढा. सिंपल.

वेणीमाधव: मागे सोवळ्यातलं स्वयंपाकघर आहे. आमची अनसूया या खोक्याला उंबरा ओलांडू द्यायची नाही. मलाच देते कशीबशी.

ललित: नाहीतर लाइट गेल्यावर करा रेकॉर्डिंग! हल्ली रोज लोडशेडिंग आहेच.

वेणीमाधव: लाइट गेली की शांतता फार सुरेख असते रे. पण तेव्हा याचं खोकंही मरून पडलेलं असतं. तुला दुकान कोणी काढून दिलं?

ललित: मस्करी केली गुरुजी. हा घ्या, हा बघा. साडेचारशे वॅट, एकदम मक्खन.

मयुरेश: बघू इकडे. काय हो हे, रिकाम्या पत्र्याच्या डब्याएवढं वजन आहे. आत काही घातलंय की नाही?

ललित: वर लिहिलंय ना सर, फोर फिफ्टी.

वेणीमाधव: आमच्या कुशावर्ताच्या पायऱ्यांवरही बसलेले असतात असे बुवा. वर सगळं फासलेलं, आत काही नाही. दुसरा काढ.

ललित: दुसरा आहे, पण तो तुम्हाला परवडणार नाही.

वेणीमाधव: काढ म्हटलं ना.

ललित: हा घ्या. वर्षभर पडून आहे, कुणी हात लावत नाही. जड आहे, सांभाळून धरा. आणि पंखा मागे नाही, पोटाला आहे, ताटाएवढा. मोठा पंखा सावकाश फिरला तरी पुरेशी हवा ओढतो, म्हणून घुमत नाही. थांबा, ही हिरवी वायर काळीला पिनेने जोडली की झाला चालू. बघा! येतो आवाज?

मयुरेश: असा टेबलावर सगळ्यांचाच कमी येतो. आमच्या कॉम्प्युटरला जोडा आणि अर्धा तास चालू ठेवा. तापल्यावर खरं काय ते कळेल.

ललित: अर्धा तास? सर, लोक लग्नाला पोरगी बघायला जातात, तिथेही एवढा वेळ लावत नाहीत.

वेणीमाधव: म्हणूनच मग जन्मभर घरघर ऐकतात. जोड.

ललित: जोडतो. बसा स्टुलावर. चहा घेणार?

वेणीमाधव: तुझ्याकडचा? नको.

मयुरेश: मला चालेल.

वेणीमाधव: याला सगळंच चालतं.

ललित: बरं गुरुजी, एक विचारू का? त्या जुन्या पंख्याने तुमचं नक्की अडतं कुठे? पाठीमागे थोडंसं घुमलं तर घुमू द्यायचं.

मयुरेश: नाही हो, त्यांचा स्वरच लागत नाही मग. दोन दिवस झाले, पहिले दोन अनुवाक छान होतात. अनुवाक म्हणजे पाठाचे तुकडे. तिसऱ्यात मध्यावर आले की थांबतात.

ललित: दोन्ही दिवस तिथेच?

मयुरेश: हो, तिथेच.

ललित: कमाल आहे. पंखा तर पहिल्यापासून घुमत असणार ना?

वेणीमाधव: पैसे दे रे याला आणि चल. वायरी जोडणाऱ्यांनी आता वेदांवर बोलायचं!

मयुरेश: काका, अर्धा तास व्हायचाय अजून.

वेणीमाधव: मी ऐकलंय. याच्या तोंडापेक्षा तो डबा कमी वाजतो. तेवढं पुरे.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, त्र्यंबकला काकांच्या घरात. नवा डबा बसवलेला आहे. दारं-खिडक्या लावून घेतल्या आहेत.)

वेणीमाधव: चालू कधी करणार आहेस?

मयुरेश: केव्हाचा चालूय काका.

वेणीमाधव: हा चालू आहे? हं. माणूस मूर्ख होता, पण डबा बरा दिलान.

मयुरेश: हेडफोन लावून ऐकलं मी. पलीकडच्या छपरावरचं कबूतर ऐकू येतंय, पण पंखा नाही. सुरू करा तुम्ही.

वेणीमाधव: मध्ये बोलू नकोस. खोकू नकोस. आणि मान डोलावू नकोस, कळत नाही त्याने मान कशाला डोलवायची?

मयुरेश: नाही डोलावत.

वेणीमाधव: लाव मग.

मयुरेश: काका! काय लागलाय आवाज! दोन्ही अनुवाक एका दमात झाले. लहानपणी पहाटे अंथरुणात ऐकायचो ना, अगदी तसंच वाटलं. पाणी घ्या घोटभर.

वेणीमाधव: कौतुक पुरे. तिसरा लाव.

मयुरेश: लावला. म्हणा.

(काका तिसरा म्हणू लागतात आणि मध्यावर येऊन थांबतात.)

वेणीमाधव: थांबव.

मयुरेश: काय झालं?

वेणीमाधव: घुमतोय तो.

मयुरेश: नाही हो काका, मी हेडफोन लावूनच बसलोय.

वेणीमाधव: तू मला शिकवू नकोस. तिसरा पहिल्यापासून घे.

मयुरेश: बरं. घेतला.

वेणीमाधव: थांबव, थांबव! पुन्हा तेच. अनसूया! आत काय दळत बसली आहेस?

मयुरेश: काकू देवळात गेल्यात. घरात आपण दोघेच आहोत.

वेणीमाधव: मग हा डबाच. फसवलं त्या लेकाच्याने. तापल्यावर बोलायला लागला बघ हा.

मयुरेश: काका, मी काय म्हणतो, माळ्यावर छापील पुस्तक आहे ना? मी काढून आणतो. एकदा नुसती नजर टाका आणि...

वेणीमाधव: पुस्तक? पुस्तकात बघून म्हणणाऱ्याला आमच्या आळीत कोणी पाटावर बसवत नाही! ती कालची पोरं म्हणतात मांडीवर कागद धरून, यजमानाला कळत नाही म्हणून. मला तुझ्या आजोबांनी छडीने शिकवलंय. तोंडात आहे ते माझ्या. तोंडातून कुठे जाणार ते?

मयुरेश: कुठेच नाही.

वेणीमाधव: काल म्हणालो होतो ना बरोबर? न्हाताना म्हणालो. सगळा म्हणालो.

मयुरेश: मी नव्हतो ना काका तिथे.

वेणीमाधव: पुढचा शब्द ओठावर आहे. अगदी इथे आहे. हा मेला येऊ देत नाही.

मयुरेश: जरा दम घ्या.

वेणीमाधव: दम नाही लागलेला मला. गप्प का झालास? बोल ना.

मयुरेश: तुम्हीच म्हणालात, मध्ये बोलू नकोस.

वेणीमाधव: आता मी सांगतोय ना बोल म्हणून. मयुरेश, तू पळालास ते पळालास, पण कान चांगला होता तुझा. माझ्यापेक्षाही चांगला. तुझे आजोबा म्हणायचे तसं. मी कधी सांगितलं नाही तुला.

मयुरेश: नाही सांगितलंत.

वेणीमाधव: मग ते हेडफोन काढ, आणि नीट, जवळ जाऊन कान लाव त्या डब्याला. घाई करू नकोस.

मयुरेश: लावलाय.

वेणीमाधव: घुमतोय ना रे तो?

मयुरेश: घुमतोय, काका.