निंबओढ्याचा पूल पडला त्याबाबत

नाव: साळूबाई भ्रतार ज्ञानू मोहिते. वय: अंदाजे पस्तीस. धंदा: शेती व घरकाम. राहणार: मौजे निंबओढे, तालुका तासगाव, जिल्हा सातारा. बेंदराचा दुसरा दिवस, सन १९४८.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, माझा नवरा ज्ञानू याला आपल्या शिपायांनी आज सकाळी न्याहारीवरनं उठवून आणलं. आमच्या गावपंचायतीचे पंच लालासाहेब यांची फिर्याद अशी की, बेंदराच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला ज्ञानूनं पहार घालून नव्या पुलाचे दगड खिळखिळे केले, म्हणून पूल पडला. ही फिर्याद साफ खोटी आहे. खोटी म्हणजे खोटीच!

(साक्षीदारास बसून व हळू बोलण्यास सांगितले.)

पूल गावाच्या पैशाचा. ओढ्याला पाणी आलं की गाव तुटतं. मागल्या पावसाळ्यात याकूब तांबोळ्याची बायको आबेदा बाळंतपणाला अडली, तवा गाडी पलीकडं नेता आली नाही, आन् ती गेली. त्यावर मला जास्त बोलायचं नाही. त्यानंतर पंचायतीनं पूलपट्टी काढली, तर एकानंही कां कूं केलं नाही. आता आपलं राज्य आलंय, आपला पूल आपणच बांधायचा, असं लालासाहेब चावडीत म्हणाले. आमी टाळ्या वाजवल्या. ठेका मिळाला त्यांच्या मेव्हण्याला, नाथाजीला. कुंपणच शेत खाया लागल्यावर बोंब कुणापाशी मारायची? "खर्च कसा केला ते गावाला सांगा," असं एकटा ज्ञानू उठून म्हणाला. त्याचा लालासाहेबांनी डूख धरलाय.

पूल झाला. बाहेरनं चुन्यानं पांढराफेक. पण दोन्ही तोंडांना लालासाहेबांनी बाभळीच्या फांद्या टाकल्या. का, तर बेंदराच्या मिरवणुकीत पहिला मान त्यांच्या बैलजोडीचा, तवा पुलावर पहिलं पाऊलबी त्यांच्याच बैलांचं पडायचं. तोवर माणूस न्हाई, शेळी न्हाई. मानाचं नाव काढल्यावर आमच्यात कोण बोलतंय!

काल दुपारनंतर मिरवणूक निघाली. लय दणका! हलगी काय, लेझीम काय, गुलाल काय! लालासाहेब जरीचा फेटा बांधून, कासरा धरून पुढं. नारळ फुटला. जोडी पुलाच्या मध्यावर गेली आणि धाडदिशी पूल बसला की हो! बैल ओढ्यात, लालासाहेब ओढ्यात, आणि फेटा निघाला कृष्णामाईच्या वाटेनं. पाणी गुडघाभर होतं म्हणून निभावलं. गावानं उड्या टाकल्या. आधी बैल काढले, मग लालासाहेब.

बैलांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही, देवाची कृपा. पण पुलाचं पोट उघडं पडलं, ते सगळ्या गावानं बघितलं. आत चुना औषधालासुदीक न्हाई. नुसती माती आन् ज्वारीची धसकटं. मी सोता एक धसकट उपसलं, लालासाहेबांच्या म्होरं धरलं आणि म्हणाले, "आवं पंच, पुलात ही पेरणी कवा केली?" तवा मला राग किती आणि आनंद किती झाला, ते सांगता येत नाही. तिथनं ते तसेच वल्ल्या धोतरानं फिर्याद द्यायला आले.

पहारीचं म्हणाल, तर त्या दिवेलागणीला ज्ञानू लालासाहेबांच्याच गोठ्यात होता. खांदेमळणी होती. शिंगं रंगवायला ज्ञानूसारखा हात गावात न्हाई, म्हणून त्यांनीच बोलावणं धाडलं. त्यानं बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं, शिंगांना हिंगूळ लावला, घुगऱ्या खाल्ल्या आणि मग घरी आला. लालासाहेब समोर बाजेवर बसून "वाहवा रं गड्या" म्हणत होते. रागाच्या भरात फिर्याद देताना हे इसरले. त्यांना बोलवा आणि त्याच बैलांच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायला सांगा. घेत्यात का बघू.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरलाय, अंगठा देते. आपण म्हणालात, एकट्या बायकोच्या सांगण्यावर नवरा सुटत नसतो. तर बाहेर पिंपळाखाली अख्खं गाव येऊन बसलंय. याकूब सगळ्यांच्या म्होरं हाय. एकेकाचा जबाब घ्या. कागद कमी पडला तर तसं सांगा, गाव पट्टी काढंल. खर्च मात्र ह्या बारीला आमी करणार.