वाऱ्याला पिशवी

...आन मलाच भेसळखोर म्हनतोय त्यो! तुमाला सांगतो, या मान तालुक्याच्या माळाव राजगिरा पेरता पेरता माझं केस पांढरं झालं, आन म्हसवडच्या पेठेतला जोतीराम वाणी, काल मिसरूड फुटल्यालं पोर, माझं पोतं सोडतंय, मूठभर बी तळहाताव पसरतंय, त्यात काळं दानं बघतंय आन चारचौघांत म्हनतंय, “गुंडातात्या, माठाचं बी मिसळलं व्हय? आवं, उपासाचा जिन्नस हाय ह्यो, बायका एकादशीला खात्यात, ह्यो कुनाच्या पदरात घालू मी?” घेतलं न्हाई पोतं. गाडीत टाकून परत आनलं, आन वाटंत जो भेटंल त्येला सांगत आलो, बाबांनो, भेसळ म्या केली न्हाई. घरात आलो तरी बोलनं सुरूच. आमची म्हातारी, रंगुबाई, म्हनली, “मला सांगितलं तेवढं पुरं. बैलास्नी कशाला सांगताय? ती संगंच हुती की.”

आता काळं दानं आलं कुठनं? म्या तर पांढरंच निवडून पेरलं हुतं. झोप उडाली माझी. अशात पुन्याच्या शेतकी कालिजातनं एक सायेब आला. सायेब कसला, सांगलीकडचा जैनाचा पोरगा, श्रेणिक मगदूम नाव, टोपी मोठी आन मान बारीक. राजगिरा, माठ, तांदुळजा असल्या भाज्यांच्या मागं लागल्याला, गावोगाव बी गोळा करत हिंडायचा. शिकल्यालं मानूस भाजीच्या मागं का हिंडतंय, म्हनलं असंल डोस्क्याचं कायतरी. पर त्येनं माझं बी भिंगाखाली धरलं, रानाच्या कडंकडंनं फिरून आला आन बांधाशी थांबला. बांधापलीकडं दादासोचं रान. दादासो माझा चुलतभाव. त्येच्या रानात माठ, आन बांधाव काटेमाठ तर असा माजल्याला की आत शिरल्यालं वासरू दिसायचं न्हाई.

सायेब म्हनला, “तात्या, ही सगळी एका भावकीतली. राजगिरा, माठ, काटेमाठ, कुरडू, आन गनपतीला घालताय त्यो आघाडासुदिक. त्यातली जवळची असली, तर फुलावरली पूड वाऱ्यानं हिकडची तिकडं जाती. आज मिसळलं की पुढल्या सालच्या पिकात काळं दानं दिसत्यात.”

भावकी म्हनल्याव मला लगीच पटलं. भावकी दुसरं काय करनार हो? आधी बांध कोरनार, आन बांध कोरून सरला की वाऱ्याव बसून घरात शिरनार! म्हंजी बघा, भेसळ म्या केली न्हाई. वाऱ्यानं केली. पर जोतीरामला हे सांगून पटंल का? वाऱ्याला साक्षीला न्यायचं तरी कसं?

तर सायबानं पेटीतनं मलमलीच्या पिशव्या काढल्या, नाडीच्या, आन फुलायच्या आधी माझ्या निवडक तुऱ्यांस्नी एकेक बांधली. म्हनला, बी धरंपातूर सोडायच्या न्हाईत. ह्येचं बी पुढल्या साली पेरा. निव्वळ पांढरं पिकलं की मी सोता येऊन जोतीरामला सांगतो, तात्याचं बी सच्चं हाय.

म्हनलं, सायेब, जीव गेला तरी पिशवी सुटायची न्हाई.

आता तुमीच इचार करा. ही लढाई चाललीया, कापडाला कंट्रोल, दहिवडीच्या दुकानाम्होरं बायका उनात रांगा लावत्यात आन मोकळ्या हातानं परत येत्यात, आन माझ्या रानात राजगिरा मलमल नेसून डुलतोय! गाव बघाया लोटला. दादासो म्हनतो, “जैनाची मान्सं पानी गाळून पित्यात ते ठावं हुतं, ह्यो तर वारं गाळाया लागला.” त्येची बायकू हरणाबाई म्हनती, “भावजी, आमास्नी लुगडं मिळंना, आन तुमच्या भाजीचं लगीन लागतंय व्हय?” लागू द्या म्हनलं, तुमच्या माठाला तेवढं बलवनार न्हाई. बाजलं उचललं, रानात नेऊन टाकलं, काठी घेऊन बसलो. एका शेळीनं पिशवी दाढंखाली धरली, ती तिच्या तोंडातनं वडली, धुतली आन परत बांधली. शेळीवाला म्हनला, तात्या, येड लागलंय तुमास्नी. लागलंय तर लागू दे. भेसळ म्या केली न्हाई.

अशात आमची लेक लीलाबाई, बाळंतपनाला आल्याली, तिला मुलगी झाली. जावई पलटनीत, रजा सरली तसा परत तकडं बर्माच्या आंगाला लढतोय. बारसं आलं. सासरची मान्सं येनार, आन पोरीला नवं टोपडं न्हाई का आंगडं न्हाई. कंट्रोलात वीतभर कापूड मिळंना. म्हातारी रानाकडं बघायची आन माझ्याकडं बघायची. मला काय कळत न्हाई व्हय? म्हनलं, रंगे, बी धरंपातूर न्हाई म्हंजी न्हाई. चुलीकडं वळली. ती भांडली न्हाई तवाच म्या सावध व्हायला पायजे हुतं... चुकलं.

बारशादिशी सकाळीच मला म्हनली, घुगऱ्यास्नी हरबरं कमी पडत्यात, म्हसवडास्नं आना. गेलो. परत येतोय तर पाळना सजल्याला, सासरच्या बाया गोळा झाल्याल्या, आन नात माझी पांढऱ्याशुभ्र आंगड्यात राजाच्या लेकीवानी. वाकून बघतोय तर टोपड्याची नाडी वळखीची.

तसाच रानात पळालो. सगळं तुरं उघडं बोडकं, ऐन फुलात, आन वारं सुटल्यालं दादासोकडनं. तसाच माघारी आलो आन म्हातारीला घरामागं परड्यात गाठलं. म्हनलं, माझं नाव पेठेत बुडतंय, आन तू ह्ये केलंस?

हातातलं भांडं खाली ठेवलं न्हाई तिनं. म्हनली, “राजगिरा पुढल्या साली पुन्यांदा फुलतोय. बारसं एकदाच व्हतंय.”

म्या हरबरं तिच्याम्होरं ठेवलं.

चार दिसांनी सायेब आला. रान बघून आला, पाळना बघितला. मला वाटलं आता पेटनार. पर बिचारा पाळन्याची दोरी हलवत बसला. म्हनला, तात्या, औंदाच्या बियानं काय सिद्द व्हायचं न्हाई, मलमल मिळाली तर पुढच्या साली परत बांधू. बांधू म्हनलं! परत आल्याल्या पोत्यातनं पांढरं दानं एक एक वेचून ठेवल्यात, पेरनार, बांधनार, आन जोतीरामच्या तळहाताव नेऊन वतनार. भेसळ म्या केली न्हाई, ते दावल्याबिगर मरायचा न्हाई मी.

ह्ये मी सायबाला ठासून सांगतोय, तवर हरणाबाई आली पोरीला बघाया. वाकली, हनुवटी धरली, निरखून बघितलं, आन तोंडभरून हसली. “भावजी, नाक बघा की. हुबेहूब आमच्या मामंजींचं!”

मामंजी म्हंजी कोन? दादासोचा बा. माझा चुलता. ज्येनं पैल्यांदा बांध कोरला, त्यो.

म्या जाऊन नीट बघितलं. नाक त्येचंच... सायबाला म्हनलं, राहू द्या आता. म्या तरी कुनाकुनाला पिशवी बांधू?