गाळलेलं पाणी

परवा बंधाऱ्याचं विचारत होतास ना, ऐक. ओढ्यातून किती माती वाहून जाते, त्याचा हिशेब विश्रामबागच्या कॉलेजातली एक पोरगी संगणकावर मांडत होती. त्यावर आमचा बंधारा ठरणार होता. पाऊस झाला की मी ओढ्याचं पाणी बाटलीत भरून तिच्यासाठी घरी ठेवायचो.

एकदा ती म्हणाली, "आजोबा, संगणक भरपूर माती दाखवतोय, पण बाटलीत कणभर नाही. असंच राहिलं तर बंधारा होत नाही."

"मी गढूळच भरलं होतं."

आतून आमची मंडळी बोलली, "पावण्या पोरीला गढूळ पानी द्यायचं व्हय? मी तुरटी फिरवून गाळून ठेवलंय."

पुढच्या पावसाचं पाणी न गाळता गेलं आणि हिशेब जुळला. बंधाऱ्याची आखणी झाली, हे सांगायला पोरगी आली, तर मंडळी चुलीपासून विचारते, "चहा गाळू, का तसाच देऊ?"