तजेला विकणारी

त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर पुकारणाऱ्या बाईंच्या कानांना दिवसभर विसावा नसे. आज त्यांच्या समोरच्याच बाकावर मावशी-भाची बसल्या होत्या. भाचीचे ओठ आटल्या तळ्यासारखे भेगाळलेले.

"दुकानात काय विकतेस गं तू?"

"चेहऱ्याला तजेला आणणारं क्रीम."

"आणि हे तोंड बघून गिऱ्हाईक घेतं?"

"नाही ना, मावशी. साहेब म्हणाले, पंधरा दिवसांत चेहरा सुधारला नाही तर कामावरून काढतो."

"अगं, मग पाणी पी की! बाटली भरलेली तशीच. सकाळपासून घोटभर तरी प्यायलीस?"

"दोनला ड्युटी आहे."

"ड्युटीचं आणि पाण्याचं काय वैर?"

"प्यायलं की जावं लागतं. बाथरूमची किल्ली साहेबांकडे. आठ तासांत एकदाच देतात. दुसऱ्यांदा मागितली, तर गिऱ्हाइकांदेखत विचारतात, 'पुन्हा?'"

"वा रे साहेब! विहिरीला टाळं लावायचं आणि पोहऱ्याला विचारायचं, बाबा तू कोरडा का? आणि तो स्वतः कुठं जातो?"

"त्यांच्या केबिनला आतूनच बाथरूम आहे."

"तरीच मेल्याचं तोंड लोण्याच्या गोळ्यासारखं!"

"हळू बोल गं, त्या बाई ऐकतायत."

"ऐकू देत. आता डॉक्टर पहिलं विचारतील, दिवसाला पाणी किती पिता? काय सांगशील?"

बाईंनी भाचीचा नंबर पुकारला. पर्स सावरत ती उठली.

"म्हणेन, साहेबांना विचारून सांगते."