स्वल्पविराम बरोबर, चाळ चुकली

अहो, कोर्ट कसलं घेऊन बसलात! तुम्हाला सांगते, वकील होऊन तीन दिवस झाले तरी न्यायाधीश सोडा, मी कोर्टातला पट्टेवालासुद्धा बघितला नव्हता. लोअर परळला काचेची बिल्डिंग, एकोणिसावा मजला, कंपन्यांचे करार करणारी मोठी फर्म, आणि मी तिथली ट्रेनी. आईने हौसेने काळा कोट शिवून दिलेला, तो मी एसीच्या गारठ्यात पांघरून बसायचे. आणि काम काय? वाचायचं! माझ्या सीनिअर प्रिती मॅडम, त्यांनी एकशे साठ पानांचा भाडेकरार पुढ्यात ठेवला, चार वाजता सह्या आहेत म्हणाल्या, फक्त स्वल्पविराम तपास, बाकी सगळं मोठ्या लोकांनी बघितलंय. म्हटलं, वाचते.

एकेक वाक्य दीड पानाचं... मध्ये श्वास घेईल तो वकीलच नव्हे! एक कंपनी ऑफिससाठी जुनं गोडाऊन भाड्याने घेत होती, एवढं कळायला मला दुपारचा दीड वाजला. तरी म्हटलं, वाचते. शेवटी जागेचं वर्णन आलं. सिटी सर्व्हे नंबर दोनशे अठ्ठ्याऐंशी. मी थांबलेच. अहो, हा तर आमच्या चाळीचा नंबर! बुधाजीकाका आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी आणि माझं अक्षर चांगलं, त्यामुळे आठवीपासून पुनर्विकासाच्या प्रत्येक अर्जावर हा नंबर मीच लिहीत आलेय. म्हणजे चार वाजता सह्या झाल्या की ती कंपनी कागदोपत्री आमच्या घरात, मोरीसकट!

आता सांगायचं कसं? मोठ्या लोकांनी बघितलंय ना! चुकले तर चौथा दिवस उजाडायचा नाही. दोनदा उठले, दोनदा बसले. म्हटलं, परत वाचते. परत तेच. शेवटी गेले. मॅडमनी मान वर न करता विचारलं, "संघमित्रा, स्वल्पविराम झाले?"

"मॅडम, स्वल्पविराम बरोबर आहेत. चाळ चुकलीये."

त्यांना खिडकीशी नेलं आणि दाखवलं, ते पत्रे दिसतायत ते गोडाऊन, आणि शेजारी गॅलरीत निळी चादर वाळतेय ना, ती आमची. मॅडमनी जागेचे जुने कागद मागवले. गोडाऊन निघालं दोनशे अठ्ठ्याहत्तर! एका आकड्याचा फरक. मग पान बदला, प्रिंट काढा, सगळ्या प्रती पुन्हा बांधा... सह्या झाल्या तेव्हा चार वाजून दहा मिनिटं. मॅडम पहिल्यांदा हसल्या, म्हणाल्या, आज लवकर घरी जा.

पाचला मला दारात बघून आईने आधी आत ओढलं, मग दार लावलं, मग हळूच विचारलं, "काढलं का गं?"

तिला सगळं सांगितलं. तिने चाळीला सांगितलं. जेवायच्या आत दाराबाहेर रांग लागली. कुणाचा मिक्सर वॉरंटीत बसेना, कुणाच्या मेहुण्याचा प्लॉट अडकलेला, सगळ्यांच्या हातात कागद. मी हात जोडून म्हटलं, "अहो, मी अजून ट्रेनी आहे."

बुधाजीकाका पुढे सरकत म्हणाले, "म्हणजे फी नाही ना? मग बस, सावकाश वाच."