अंगठा डॉक्टरांचा, सुई प्रीताची

सन्माननीय अध्यक्ष यतीनराव, आजचे सत्कारमूर्ती दंतवैद्य डॉक्टर गुरुनाथ डांगे, त्यांच्या शेजारी बसलेल्या सुनेत्राताई, आणि अमेरिकेतल्या आपल्या नोव्हाय गावच्या या सभागृहात जमलेल्या माझ्या लेकीसुनांनो, जावयांनो, नातवंडांनो आणि विसराळू म्हाताऱ्यांनो! विसराळू म्हटल्याचा राग नको. दाताच्या डॉक्टरांच्या निरोपाला आलात आणि निम्मेजण कवळी बेसिनवर विसरून आलात. पहिल्या रांगेतून सगळं दिसतं.

मी शार्दूलची आजी. गालाला मफलर गुंडाळून बसले आहे ती. हा आवाज माझ्या नातसुनेचा, आसावरीचा, शब्द माझे. मला अक्षरओळख नाही, आणि सध्या तोंड उघडलं की दाढेला गार हवा झोंबते. म्हणून मी सांगितलं, तिने लिहून घेतलं. आसावरी, माझ्याकडे बघून हसू नकोस, वाच.

डॉक्टरांबद्दल काय बोलावं? मोटारींच्या कंपन्यांत दिवसभर दात खाणाऱ्या तुम्हा इंजिनियरांचे दात संध्याकाळी त्यांनीच जागेवर आणले. हाताला कंप सुटला, तेव्हा कोणी सांगायच्या आत त्यांनी स्वतःहून सुई खाली ठेवली. वेळेवर थांबणं किती जणांना जमतं? आमच्या मंडळातल्या भाषणांनाही जमत नाही.

पण त्यांचं खरं कसब माझ्या जबड्याला माहीत. खालची दाढ बधिर करायची असली की ते अंगठा तोंडात घालून, गालाच्या मागे जबड्याचं हाड वर चढतं तिथली पुढची कड चाचपायचे. त्या कडेला एक खोलगट खाच असते. मोठा आ केला की आतल्या अंगाला मांसाची एक दोरी ताणली जाते. 'आजी, ही खाच आणि ही दोरी, दोघींच्या मधे माझी जागा,' म्हणायचे. उंची किती? तर खाचेत टेकवलेल्या अंगठ्याच्या नखाच्या मध्याएवढी. सुई हाडाला हलकेच लागली की कणभर मागे घ्यायची आणि औषध असं सावकाश सोडायचे, की एवढी सवड सुनेत्राताईंना संसारात कधी मिळाली का, असा प्रश्न मला पडे.

आता त्यांचा दवाखाना डॉक्टर प्रीता चालवणार. गुणी पोर आहे. पुढचं बोलते ते तिला विचारूनच. मागच्या आठवड्यात तिने मला इंजेक्शन दिलं. शिकलेली पद्धत अशी, की सिरिंज पलीकडच्या बाजूच्या खालच्या दातांवर आडवी ठेवायची आणि दातांच्या रेषेत सुई न्यायची. पण माझ्या पलीकडे दात आहेत कुठे? ही एक डावी दाढ सोडली तर सगळं मोकळं मैदान. टेकू गेला, तशी सुई खाली गेली. औषध लागू पडलं की त्या बाजूचा ओठ जड व्हायला हवा.

'आजी, ओठ जड झाला?'

'नाही गं.'

'आता?'

'पोरी, या ओठाने मी अजून तासभर भांडू शकते.'

दुसऱ्यांदा दिलं, तेच; दाढ राहिली तशीच. पोरीचे डोळे भरले. 'असं कसं आजी? बाकी सगळ्यांना तर ओके होतं!'

बाकी सगळे म्हणजे कोण? मी इथे बसलेल्या कुमाररावांना गाठलं. त्यांच्याही मागच्या दाढा गेलेल्या. विचारलं, तुमचा ओठ जड झाला होता का? म्हणाले, 'कुठला हो! पण एवढ्याशा पोरीला नाही कसं म्हणायचं? हो म्हटलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.' आणखी तिघाचौघांनी असाच पराक्रम केलाय. अहो, ही कसली भीड? सुई चुकते हे तुम्ही सांगितलंच नाहीत, तर तिला कळायचं कसं?

हसताय? हसा. मला मात्र आता हसवत नाही. मी घाबरले आहे. दाढेत पू आहे. गोळ्यांनी सूज उतरली, पण ठणका उतरला नाही. पाण्याचा घोट घेतला तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. भूल देऊन झोपवायला हृदयाच्या डॉक्टरांची मनाई. तशीच उपटली तर माझं काळीज टिकणार नाही, नाही काढली तर विष अंगात भिनेल. उद्या सकाळी प्रीता फक्त माझ्यासाठी दवाखाना उघडते आहे. डॉक्टरांचं सनीव्हेलला जायचं विमान दुपारचं; तिकडे मुलाकडे कायमचे चालले.

फोन केला तर म्हणाले, 'आजी, माझा हात कापतो.'

'मग सुई धरू नका.'

'मी नुसता उभा राहिलो तरी लोक म्हणतील, प्रीताला येत नाही. तिच्यावर माझी सावली नको.'

डॉक्टर, बोलणं सज्जनाचं आहे, पण सज्जनपणाने दाढ निघत नाही. सावली नको, तुमचा अंगठा द्या. एकदा त्या खाचेत टेकवा, उचला, आणि तिथेच प्रीताचा अंगठा टेकवू द्या. दात गेले तरी हाड जागेवर आहे, हे तिच्या बोटाला कळू दे. मग तुम्ही खुशाल विमान गाठा. फोनवर नाही म्हणालात. खांद्यावर शाल असताना, एवढ्या लोकांसमोर, नाही म्हणून दाखवा. मी पदर पसरते.

आसावरी, इथे थांब. डॉक्टरांकडे बघ. मान हलली नाही तर एवढंच पुन्हा वाच.

हलली? प्रीता, तू उद्या रडायचं नाहीस. मी खोटं हो म्हणणार नाही. पुन्हा पुन्हा विचार, पुन्हा पुन्हा खरं सांगेन.

मंडळाने एका दाढ ठणकणाऱ्या बाईला बोलू दिलं, त्याबद्दल उपकार मानते. कोणाचं नाव, मान, पान राहून गेलं असेल, कोणाला जास्त टोचलं असेल, तर वयाकडे आणि दाढेकडे बघून पोटात घाला.

आणि विचारताच आहात, आजी, उद्या काय पाठवू? आधी आसावरीच्या फोनची वाट बघा. 'ओठ जड झाला' असा फोन आला नाही, तर कोणी काही पाठवू नका, मला गिळवणार नाही. आला, तरच मूगडाळीची गुरगुटी खिचडी शिजायला टाका. तूप सढळ, मिरची एकही नको, आणि पोचेल तेव्हा कोमट असू दे.